सुटणारा सांधा

गोव्यात, सासष्टीतल्या एका गावात, चर्चच्या मागच्या वाटेवर एक जुनं घर आहे. खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं, पुढे मोठं बाल्कांव, आणि दिवाणखान्यात आतल्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवलेला एक उभा पियानो. जर्मन बनावटीचा, ओतीव लोखंडाच्या चौकटीचा, ८५ पट्ट्यांचा. हल्ली पियानोला ८८ पट्ट्या असतात. वरच्या टोकाच्या तीन या जुन्या वाद्यात नाहीत आणि त्यांच्यावाचून या घरात कोणाचं कधी अडलं नाही. तीन पिढ्या त्यावर शिकल्या. आता तिथे शिकवणाऱ्या बाईंना सगळं गाव टीचर म्हणतं.

पियानो दुरुस्त करणाऱ्या मेस्ताकडे टीचर गेल्या त्या एकच तक्रार घेऊन. "सूर लावून झाला, तरी माझा पियानो बोलत नाही."

सूर तारांचा असतो. उभ्या पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा टनांहून जास्त भरतो; तो कमीजास्त झाला की खुंट्या फिरवून सूर लावतात. टीचरच्या पियानोचं दुखणं वेगळं होतं. काही पट्ट्या दाबल्यावर वर यायला वेळ लावत. काहींतून लाकडावर लाकूड आपटल्याची टकटक येई. मधल्या सप्तकातला एक सूर एकदा दाबला की दोनदा वाजे, आणि त्याच्या पलीकडचा एक, झपाट्याने दोनदा दाबला तरी एकदाच वाजे. यात तारांचा दोष नव्हता. पट्टी आणि तार यांच्या मधे जी लाकडी यंत्रणा असते, जिला या धंद्यात अ‍ॅक्शन म्हणतात, ती झिजली होती.

मेस्त सुताराच्या घरातला. वडिलांनी चर्चच्या वेदीचं लाकूडकाम केलेलं. तरुणपणी तो मुंबईला गेला आणि धोबीतलावला आपल्या गावाच्या कूडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहिला. जिथे फुर्टाडोसारखं १८६५ पासूनचं वाद्यांचं दुकान आहे, त्या भागात तेव्हा पियानोचं काम करणारी माणसं राहत. तशाच एका म्हाताऱ्याच्या हाताखाली त्याने हे शिकून घेतलं. आता त्याच्या हाताखाली एक पोरगा होता. आयटीआयमधून फिटरचं शिक्षण घेतलेला, हाताला चलाख, कामाची लाज नसलेला. एकच गोष्ट त्याच्या मनात घट्ट बसलेली होती: काम असं करायचं की त्या जागी पुन्हा कोणाला हात लावायची वेळ येऊ नये. ही इच्छा वाईट नाही. बहुतेक चांगले कारागीर याच इच्छेने सुरुवात करतात, आणि गिऱ्हाइकालाही हेच ऐकायला आवडतं.

एप्रिलच्या अखेरीस दोघं आले. मेस्ताने वरचं झाकण उघडलं, पुढची फळी काढली, पट्ट्यांवरचं झाकण उतरवलं. अ‍ॅक्शनला वरच्या बाजूला पितळी गोट्या असतात. त्या फिरवून काढल्या, पेडलच्या दांड्या सोडवल्या आणि सगळी अ‍ॅक्शन हळूच स्वतःकडे कलती केली. इथे उतावळा माणूस फसतो. खालचे लीव्हर लोंबत असले तर बाहेर काढताना ते पट्ट्यांच्या मागच्या टोकांत अडकतात आणि कट्कन मोडतात. ते लोंबू नयेत म्हणून तारेवर आपटणाऱ्या प्रत्येक हॅमरपासून एक बारीक फीत खाली आलेली असते. या पियानोतल्या निम्म्याहून जास्त फिती तुटलेल्या होत्या. फितीच्या टोकाचं चामडं बोटाने चोळलं की तपकिरी भुगा होई. मेस्ताने पोराला एकेक लीव्हर बोटाने उचलून धरायला लावला आणि इंचाइंचाने अ‍ॅक्शन बाहेर घेतली. टेबलावर जुनी चादर घालून ती उभी केली.

पोराने पियानोचं आतलं अंग पहिल्यांदाच असं उघडं पाहिलं. मेस्ताने त्याला एक पट्टी दाबून, एक हॅमर बोटाने फिरवून, सगळा प्रवास दाखवला. तो सांगण्यासारखा आहे. पट्टी तराजूच्या दांडीसारखी मधे टेकलेली असते. पुढचं टोक साधारण १० मिलिमीटर खाली गेलं की मागचं टोक वर येतं आणि लीव्हर उचलतं. लीव्हरवर जॅक नावाचा एक उभा लाकडी बोटभर तुकडा असतो. तो हॅमरच्या बुडाला, ज्याला बट म्हणतात, खालून ढकलतो. हॅमर तारेकडे निघतो. त्याला सुमारे ४५ मिलिमीटर जायचं असतं. तारेपासून ३ मिलिमीटर उरले की जॅकची टाच एका बटणाला टेकते आणि जॅक बटखालून निसटून जातो. शेवटचं ते अंतर हॅमर एकटा, कोणाच्याही धक्क्याशिवाय जातो, तारेवर पडतो आणि परत येतो. जॅक निसटला नसता तर हॅमर तारेलाच चिकटून राहिला असता आणि सूर उमटल्या जागी मेला असता. ही निसटण्याची युक्ती १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने बसवली. पियानो जन्माला आला तो तिच्यामुळे.

आडव्या ग्रँड पियानोत हॅमर खालून वर उडतो, म्हणून परत यायला त्याला त्याचं वजनच पुरतं. उभ्या पियानोत हॅमर उभाच असतो आणि पुढेमागे हलतो, तेव्हा वजनाचा आधार थोडा. म्हणून स्प्रिंग, आणि म्हणून ती फीत: लीव्हर खाली पडताना फीत हॅमरला मागे खेचते. लंडनच्या रॉबर्ट वॉर्नमने १८४२ साली या फितीच्या अ‍ॅक्शनचं पेटंट घेतलं. आजही उभ्या पियानोत तीच फीत असते. बोटभर रुंदही नसलेल्या कापडाच्या या तुकड्यावर इतकं काम सोपवलेलं पाहून मला त्या माणसाविषयी खरा आदर वाटतो.

पण मेस्ताला पोराला दाखवायचं होतं ते वेगळंच. "एक भाग दुसऱ्याला कुठे कुठे लागतो ते बघ," तो म्हणाला. पोरगा बघू लागला. पट्टीच्या खाली फेल्ट. पट्टी ज्या पिनांवर हलते त्यांच्या भोकांना लोकरीचं अस्तर. जॅक जिथे बटला लागतो तिथे फेल्टवर मऊ चामडं. परतणाऱ्या हॅमरला जे झेलतं त्याच्यावर फेल्ट. हॅमर, लीव्हर, जॅक, तारेचा सूर थांबवणारा डॅम्पर हे सगळे ज्या बिजागऱ्यांवर हलतात, त्यांतली पिन जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची, आणि तिच्याभोवती लाल लोकरीच्या कापडाचं बुशिंग. लाकूड लाकडाला कुठेच लागत नव्हतं, धातू लाकडात थेट कुठेच फिरत नव्हता.

"झिजायचं काम लोकरीला दिलंय," मेस्त म्हणाला. "ती झिजते म्हणून लाकूड राहतं. इतकी वर्षं झाली, लाकूड बघ कसं आहे."

लाकूड खरंच शाबूत होतं. बट हॉर्नबीमची, घट्ट कणांची, काठ अजून टोकदार.

मग दिवसभर एकेक सुराची झडती झाली. दोनदा वाजणाऱ्या सुराच्या बटखालचं चामडं जॅकने खाऊन खळगा पडला होता. टकटक करणाऱ्यांची बुशिंग सैल होती. वर यायला आळस करणाऱ्या पट्ट्यांचा दोष पट्ट्यांत नव्हताच. वर हॅमरच्या पिना गंजून हिरव्या पडल्या होत्या, हॅमर अडखळत परत येई आणि पट्टीवर आळ येई. पोराचा सल्ला साधा होता: सगळ्या स्प्रिंगा जास्त ताकदीच्या घालू, म्हणजे सगळं आपोआप परत येईल. मेस्ताने मान हलवली. अडलेल्या हॅमरला जास्त जोराने ओढलं तर तो परत येईल, पण टीचरच्या बोटांना तेवढाच जास्त जोर लावावा लागेल, आणि सात-आठ वर्षांच्या मुलांच्या बोटांना तो झेपणार नाही. अडतंय कुठे ते काढायचं, ओढायचं नाही.

चार हॅमरच्या दांड्या मोडलेल्या होत्या. त्यांतल्या दोन आधी कधीतरी दुरुस्त झालेल्या. पहिल्या पट्टीच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात जुन्या कारागिरांनी केलेल्या नोंदी होत्या. पियानोवाल्यांची ही जुनी रीत आहे. पट्टी उचलल्याशिवाय त्या दिसत नाहीत. त्या नोंदींवरून कळलं की एक दांडी फार पूर्वी कोणीतरी सरसाने बसवली होती. दुसऱ्या दांडीची नोंद नव्हती, पण सांध्यातून बाहेर आलेला पिवळट, काचेसारखा कठीण डिंक सगळं सांगत होता. ती एपॉक्सीने चिकटवलेली होती.

सरसाची दांडी मेस्ताने आधी घेतली. चहाच्या किटलीच्या वाफेवर बट थोडा वेळ धरलं, ओलं फडकं गुंडाळलं, पुन्हा वाफ दिली, आणि दांडीचा उरलेला तुकडा हलकेच पिळत बाहेर काढला. भोक स्वच्छ राहिलं, जणू काल पाडलेलं. एपॉक्सीच्या बटला वाफेचा काही उपयोग झाला नाही. तो तुकडा बारीक ड्रिलने पोखरून काढावा लागला. एपॉक्सी लाकडापेक्षा कठीण असल्यामुळे ड्रिल दरवेळी लाकडाच्या बाजूला सरके. शेवटी बटला उभी चीर गेली. ती सांधायला, दाबून ठेवायला, भोक पुन्हा पाडायला मेस्ताचा पूर्ण दिवस गेला.

पोरगा हे शेजारी बसून पाहत होता. त्याने धडा घेतला, पण उलटा. "म्हणजे एपॉक्सी सुटली नाही ना, मेस्ता? दांडी वर मोडली, सांधा तसाच राहिला. सरस तर वाफेनेच सुटतो. आपल्याकडे चार महिने हवेत वाफच असते."

यात तथ्य होतं, हे मान्य करायला हवं. सरस जनावरांच्या कातड्याहाडांपासून करतात. रात्रभर थंड पाण्यात भिजवायचा, मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून ६० अंशांच्या आसपास गरम करायचा. उकळला तर त्याची ताकद जाते. हा सगळा खटाटोप करूनही ओल त्याची वैरीण. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. सरसावर हसणाऱ्या माणसाला मूर्ख म्हणता येणार नाही.

मेस्ताने तेव्हा एवढंच उत्तर दिलं, "सुटेल. सुटलेला परत लावता येतो." पोराला ते उत्तर न वाटता पळवाट वाटली.

फिती, फेल्ट, बुशिंगचं कापड आणि निरनिराळ्या जाडीच्या पिना आणायला मेस्त कोकण रेल्वेने मुंबईला गेला. पोराला सांगून गेला की तोवर पट्ट्या साफ कर, पिना घासून चकचकीत कर, बाकी कशाला हात लावू नको.

पोराने सांगितलेलं सगळं केलं आणि ते लवकर आटोपलं. मग त्याची नजर उरलेल्या मोडक्या हॅमरांपैकी एकावर गेली. मधल्या सप्तकातला, रोज शेकडो वेळा वाजणारा हॅमर. त्याने नवी दांडी कापली, दोन्ही टोकं घासली आणि एपॉक्सीने बटात पक्की बसवली. शेजारच्या सुराचं बुशिंग सैल होतं. नवं कापड यायचं होतं, पण मोबाईलच्या दुकानात मिळणारा झटपट डिंक खिशात होता. त्याने कापडावर त्याचे थेंब सोडले. कापड कडक झालं, पिन घट्ट बसली, टकटक बंद. दोन्ही सूर इतके साफ वाजले की टीचर आतून धावत आल्या आणि त्यांनी त्याला भजी करून घातली.

मेस्त परतला. त्याने दोन्ही सूर वाजवून पाहिले, मग आत वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. पोराने काहीच लपवलं नाही. उलट उत्साहाने सांगितलं की कशाने लावलं आणि किती पक्कं बसलं. मेस्त रागावेल असं टीचरना वाटलं. तो रागावला नाही. त्याने टीचरना सांगितलं, "बाकीचं माझं. या दोन जागा याच्या. त्यांच्यासाठी पावसात पुन्हा यावं लागेल, त्याचे पैसे घेणार नाही." आणि पोराला म्हणाला, "तेव्हा मी फक्त बघेन, पुता. सोडवायचं तू."

मग पुढचे आठ-दहा दिवस दोघांनी मिळून ते सगळं केलं जे या कामात वेळ खातं. जुन्या फिती कापून नव्या बसवल्या, सगळ्याच, कारण एक तुटली तर तिच्या वयाच्या बाकीच्याही त्याच वाटेवर असतात. बटवरचं चामडं मात्र जिथे खळगा होता तिथलंच बदललं. सैल बिजागऱ्यांतली जुनी पिन काढून, बुशिंग बारीक रीमरने साफ करून, अर्धा नंबर जाड पिन घातली. बट आडवं धरून सोडलं की ते आपल्या वजनाने सावकाश खाली यायला हवं, धप्पकन नाही आणि अडूनही नाही. पोराला हे हाताला कळायला वेळ लागला, पण एकदा कळल्यावर तो मेस्तापेक्षा चपळ झाला. हॅमरच्या डोक्यांवर तारांचे चर उमटले होते, ते पॉलिशपेपरने घासून गोलाई परत आणली. सगळ्यात शेवटी जुळवणी: नवं चामडं जुन्यापेक्षा जाड, म्हणून तिथला जॅक आता आधीच टेकलेला, शेजारचा अजून सैल. नवा भाग बसवला की काम संपत नाही; तो शेजाऱ्यांसारखा वागू लागला की संपतं. प्रत्येक हॅमर ३ मिलिमीटरवर सुटतो की नाही हे एकेक बटण फिरवून पाहिलं.

मेच्या अखेरीस पियानो असा वाजू लागला की रस्त्याने जाणारे थांबत. पोराला आपली दोन जागांची हुशारी इतरांत मिसळून गेल्याचा आनंद होता.

जूनमध्ये पाऊस लागला. टीचरनी दरवर्षीप्रमाणे पियानोच्या पोटात खाली एक छोटा बल्ब लावून ठेवला, ओल कमी व्हावी म्हणून. तरी हवा ओली ती ओलीच. लाकूड फुगलं, फेल्ट फुगलं. जिथे लोकर होती तिथे लोकर दबली, तिने फुगलेल्या लाकडाला जागा दिली आणि काम चालू राहिलं. जिथे झटपट डिंकाने लोकर दगड झाली होती तिथे दबायला काही नव्हतं. भोवतालचं लाकूड फुगलं आणि पिन जखडली. तो सूर जुलैच्या पहिल्या आठवड्यात बसला, म्हणजे हॅमर तारेपाशी गेला तो तिथेच राहिला. त्याच्या शेजारचा, एपॉक्सीवाला, बसवतानाच केसभर वाकडा बसला होता. उन्हाळ्यात तो दुसऱ्या हॅमरच्या कडेने जेमतेम निसटून जाई. आता दोघांची फेल्टं फुगली आणि ते एकमेकांना घासू लागले. परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने अडलेला सूर वाजेना म्हणून पट्टीवर जोर केला, आणि आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला.

मेस्त आणि पोरगा छत्र्या घेऊन आले. मेस्त खुर्चीत बसला. ठरल्याप्रमाणे तो फक्त बघणार होता.

पोराने अ‍ॅक्शन बाहेर काढली. नव्या फितींमुळे ती या खेपेला एका दमात सुखरूप आली. जखडलेल्या बिजागरीतली पिन ठोकून काढताना बुशिंगचं कडक कापड पिनेला घट्ट धरून बसलं होतं, आणि बिजागरीचा एक कान तुटून हातात आला. वाकडा हॅमर सरळ करायला दांडी बटातून काढणं भाग होतं. पोराने वाफ दिली. वाफेने काही होणार नाही हे त्याला माहीत होतं, तरी बराच वेळ देत राहिला. मग ड्रिल घेतलं. मेस्ताने जसं धरलं होतं तसंच धरलं, त्याहून सावकाश चालवलं. ड्रिल सरकलं. बट उभं फुटलं, मधोमध, दोन तुकडे.

आता खरी अडचण आली. ज्या कारखान्यात हा पियानो झाला तो केव्हाच बंद झालेला. या मापाचं, या कोनाचं बट बाजारात मिळत नाही. फुटलेलं बट हे आत्तापर्यंत या वाद्यातल्या सगळ्यात टिकाऊ भागांपैकी एक होतं. झीज त्याला शिवली नव्हती, ओल त्याला शिवली नव्हती. ते फुटलं ते पक्क्या सांध्यामुळे.

पोरगा बराच वेळ दोन तुकडे जुळवून पाहत बसला. टीचर दारात उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.

मग मेस्ताने बसल्या जागेवरून एवढंच विचारलं, "या पियानोत कोणते सूर कमी वाजतात?"

पोराने पट्ट्यांकडे पाहिलं. उजवीकडचा अगदी शेवटचा सूर. त्याच्यासाठी लिहिलेलं संगीत या घरात क्वचितच वाजत असे. त्याचा हॅमर, बट, बिजागरी यांना कामच पडलेलं नव्हतं. पोराने ती बिजागरी आणि ते बट काढून मधल्या सप्तकात आणलं. हे मेस्ताने शिकवलेलं नव्हतं, पण विचारलेल्या प्रश्नात ते होतं.

वरच्या टोकाच्या बटला जुन्या दांडीचा तुकडा होताच, कारखान्यात बसवलेला, सरसाचा. किटलीची वाफ, ओलं फडकं, हलका पीळ. तुकडा बाहेर आला. भोक स्वच्छ. पोरगा त्या भोकाकडे पाहत म्हणाला, "त्यांना कळलं होतं, की कोणीतरी उघडणार."

"त्यांना एवढंच कळलं होतं की दांड्या मोडतात," मेस्त म्हणाला.

पोराने टीचरच्या स्वयंपाकघरात भांड्यात भांडं ठेवून सरस गरम केला. नवी दांडी बसवली, आणि सरस ओला असतानाच हॅमर शेजाऱ्यांच्या रांगेत येईपर्यंत फिरवून सरळ केला. ही सवड एपॉक्सीनेही दिली असती, पण फक्त त्या पहिल्या काही मिनिटांत. सरस ती नंतरही देतो. जखडलेल्या जागी नवं लाल कापड घातलं, पिन अशी बसवली की बट सावकाश खाली आलं. पावसाळ्याच्या हवेत त्याने ती मुद्दाम किंचित सैल ठेवली नाही. कोरड्या दिवसांत ती टकटक करेल हे आता त्याला कळत होतं. वरच्या शेवटच्या सुरासाठी त्याने फुटलेल्या बटच्या मापावरून शिसवीच्या तुकड्यातून नवं घडवलं. ते थोडं जड झालं. तिथे ते चालणार होतं.

पहिल्या पट्टीच्या कडेला, जुन्या नोंदींखाली, त्याने पेन्सिलीने लिहिलं: कोणतं बट कुठून कुठे गेलं, कुठे नवं लाकूड आहे, आणि सांधा कशाचा. स्वतःचं नाव लिहायला जागा उरली नाही, ते त्याने लिहिलं नाही.

पुढची फळी लावून झाल्यावर टीचरनी बैठक ओढून वाजवलं. बराच वेळ वाजवलं. मग वळून म्हणाल्या, "आता पक्कं झालं ना, बाबा?"

मे महिन्यात या प्रश्नाला त्याच्याकडे एका शब्दाचं उत्तर होतं. आता तो थोडा थांबला.

"नाही, टीचर. सांधा सरसाचा आहे. फारच ओल धरली तर कधीतरी सुटेल. त्या दिवशी ती पट्टी वाजवू नका, मला कळवा, तासाभराचं काम. फिती बरीच वर्षं जातील. हॅमरचं फेल्ट अजून एकदा घासता येईल, त्यानंतर हॅमरच नवे लागतील आणि ते महाग पडतील, त्याचे पैसे आत्तापासून बाजूला ठेवा. डांबरगोळ्या थेट फेल्टवर नको, कापडात बांधून खाली ठेवा. आणि वरचा शेवटचा सूर जरा जड लागेल, तो मी बिघडवलाय."

टीचरनी मेस्ताकडे पाहिलं. मेस्त छत्री उघडत होता.

"आणि बल्ब?"

"दसऱ्यापर्यंत राहू दे."

टीचरनी हे सगळं मुलांच्या हजेरीच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं. त्याच संध्याकाळी त्यांनी बाणावलीला आपल्या बहिणीला फोन लावला. तिच्या घरचा पियानो काही वर्षांपूर्वी एका माणसाने "आयुष्यभराचं काम" म्हणून दुरुस्त केला होता आणि तेव्हापासून तो बंद होता. टीचर म्हणाल्या, एक पोरगा आहे, पुढच्या आठवड्यात पाठवते, तो आधी उघडून बघेल आणि काय होणार नाही तेही सांगेल.